मुजावर मॅडमचं डिफॉल्ट

रझिया मुजावर चहावरून भांडायची. चहा वाईट असायचा म्हणून नव्हे. बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या कोपऱ्यावर एक टपरी आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथं तिनं टपरीवाल्याला विचारलं, "गिऱ्हाईक काहीच बोललं नाही, तर साखर किती टाकता?"

"तुमी सांगाल तेवढी, मॅडम."

"मी सांगतच नाही. मुकी आहे समजा. मग?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, टाक बाबा नेहमीसारखी आणि मोकळा हो. झालं! बाई टपरीवाल्याला सोडून माझ्यावर घसरली. "नेहमीसारखी म्हणजे कशी? कुणाच्या नेहमीसारखी? कुणी ठरवलं?"

तोवर चहाचं पार सरबत झालं. आमची ओळख झाली ती अशी.

"कुणी ठरवलं?" हे तिचं पालुपद होतं. ऑफिसातला एसी चालू केला की सोळावरच सुरू व्हायचा आणि सगळे कुडकुडायचे. कुणी ठरवलं? प्रिंटर कागदाच्या एकाच बाजूला छापायचा. कुणी ठरवलं? बरं, नुसतं विचारून गप्प बसेल तर शपथ. उठून त्या ठरवणाऱ्याला शोधायला निघायची. बहुतेक वेळा असा माणूस सापडायचाच नाही. कुणी काही ठरवलेलंच नसायचं, कारखान्यातून जसं आलं तसंच चालू असायचं. मग तर तिचा संताप आणखी वाढायचा. "बघा जगताप," ती मला म्हणायची, "कुणीच ठरवलं नाही, आणि आपण सगळे थंडीनं मरतोय."

समोर मी तिला मुजावर मॅडम म्हणायचो. मनात मात्र 'ही बाई' म्हणायचो, आणि त्या 'ही'वर चांगला जोर असायचा. उंचीला बेताची, डोक्यावर पिना टोचून घट्ट बसवलेला स्कार्फ, चालणं असं की मागून येणाऱ्यानं पळावं. खिशात कायम खारे शेंगदाणे. काम करताना शेंगदाणे, भांडताना शेंगदाणे. तिचा कीबोर्ड उलटा केला की सालांचा सडा पडायचा.

आता आमचं काम सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात. त्या टाकीला लावायची एक पेटी आमची कंपनी बनवते. दूध किती थंड आहे ते पेटी पडद्यावर दाखवते, आणि तापायला लागलं की थंड करायचं यंत्र चालू करते. मी त्या पेट्या गावात बसवणारा आणि बिघडल्या की शिव्या खाणारा. पेटीच्या आतलं सगळं रझिया लिहायची. त्यातही सगळ्यात खालचं, ज्याला कर्नल म्हणतात ते. हा मिल्ट्रीतला कर्नल नव्हे. पेटीतल्या प्रत्येक वस्तूला हुकूम सोडतो म्हणून तसाच म्हटलं तरी चालेल.

पेटीत पडदा असतो, घड्याळ असतं, आणि दुधाच्या टाकीत सोडलेला थर्मामीटर असतो. हे सगळे एकाच जोडीच्या तारांवरून आळीपाळीनं कर्नलशी बोलतात. त्या तारांना म्हणायचं बस. ही बस किती वेगानं चालवायची ते कुठंतरी लिहावं लागतं. कुणी लिहिलंच नाही, तर कर्नल आपल्या मनानं एक वेग धरून चालतो. तो झाला डिफॉल्ट. मनानं धरायचा वेग कोणता असावा, एवढ्या एका गोष्टीवरून ही बाई अख्ख्या कंपनीशी भांडली. एक ओळ! बाकी काही नाही, एक ओळ.

ह्या बसवरून तिचं एक स्थळही मोडलं. ती इंदापूरची. शेजारच्या खालानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "मी बसचं काम करते." खालानं ते टेंभुर्णीच्या एका घरी पोचवलं. माणसं बघायला आली. मुलाच्या आईनं विचारलं, "बसमदी हाय म्हनं. कंडक्टर का?" रझिया आतून चहा घेऊन येत होती. त्या आठवड्यात ती बस सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं काहीतरी लिहीत होती. खरं तेच बोलायची तिला खोड. म्हणाली, "नाही, कंट्रोलर."

आता एसटी स्टँडावर कंट्रोलर म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. खिडकीत बसून गाड्या पुकारणारा साहेब! पर्मनंट नोकरी! मंडळी हरखली. मुलाच्या मामानं तर टेंभुर्णीला बदली करून घेता येईल का, इथपर्यंत मजल नेली. रझिया म्हणाली, "माझी बस वीतभर आहे हो. टेंभुर्णीपर्यंत नाही जात." मंडळी चहा अर्धा टाकून उठली. हे सांगताना ती पोट धरून हसायची, आणि हसता हसता एकदम चिडायची. "बस म्हटलं की एसटीच का? कुणी ठरवलं?" तिची आई म्हणे आतून ओरडली होती, "ते राहू दे, तुझं लग्न आता कुणी ठरवायचं ते सांग!"

तिच्या अब्बांचं इंदापुरात हार्डवेअरचं दुकान. आमचं हार्डवेअर नव्हे, खरं हार्डवेअर. खिळे, पाइप, नळ, कड्या-कोयंडे. पळसदेवला एक पेटी बसवून परत येताना तिनं मला तिथं नेलं होतं. आम्ही बाकावर बसलो होतो तेवढ्यात एक शेतकरी आला, म्हणाला, "चाचा, नळाला वायसर द्या." कुठला नळ, किती इंची, काही नाही. मला वाटलं चाचा विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. बरणीतून एक वायसर काढून दिला आणि म्हणाले, "न्हाय बसला तर परत आणा."

बाहेर पडल्यावर रझिया म्हणाली, "अब्बा साईज कधीच विचारत नाहीत. विचारली की माणूस लाजेखातर काहीतरी ठोकून देतो. मग चुकीचं नेतो, आणि चूक त्याची होते. 'तुम्हीच सांगितलं होतं ना अर्धा इंची?' असं दुकानदाराला म्हणता येतं. अब्बांना हलकटपणा वाटतो तो. ह्या भागातल्या नळांना जास्त करून जो बसतो, तो ते देतात. ज्याला कळत नाही त्याला प्रश्न विचारायचा नसतो, जगताप. त्याला नीट वस्तू द्यायची असते."

मला ते तेव्हा फार पटलं होतं. आठच दिवसांत माझं मत बदललं, कारण बाईनं आमच्या आण्णांच्या मोबाइलला हात लावला.

आण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही पणदऱ्याचे, घरचा ऊस. आण्णांना नवीन मोबाइल घेतला होता आणि तो सारखा टिंगटिंग करून त्यांचं डोकं उठवत होता. मी तो ऑफिसात आणला. रझियानं जेवायची सुट्टी सगळी त्यात घातली. एकेक सेटिंग उघडायची, "हे कुणी ठरवलं?" म्हणायची आणि बंद करायची. शेवटी मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "आता माणसानं सांगितल्याशिवाय हा तोंड उघडणार नाही." खरंच नाही उघडलं. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमानं आण्णांना फोनावर फोन केले. मोबाइल आपला खुंटीवरच्या सदऱ्यात गप्प. टोळी कंटाळून दुसऱ्याच्या फडात उतरली. आण्णांनी जो काही तोंडाचा पट्टा सोडला तो इथं लिहिता येत नाही. मी तिला जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "व्हायब्रेट ठेवायला पाहिजे होतं." बस्स! सॉरी नाही, काही नाही. मग रविवारी स्वतः पणदऱ्याला आली, आण्णांसमोर बसली आणि मोबाइल पुन्हा टिंगटिंगता करून दिला. आण्णा तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. ती गेल्यावर मला म्हणाले, "पोरगी वंगाळ न्हाय. पन पुन्यांदा घरात आणू नगंस."

तर अशी ही बाई. चुकायचीही. पण चुकली की ती चूक आणि ती, दोघीच एका खोलीत कोंडून घेतल्यासारखी असायची. जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही.

आता अंथुर्ण्याचं सांगतो. सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

अंथुर्ण्याचं दूध केंद्र सुमनकाकू चालवायच्या. काकूंचे मालक गेल्यावर गावच्या दूध संस्थेनं त्यांना केंद्र दिलं. दिलं म्हणजे काकूंनी खेटे घालून घालून मिळवलं. सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध घ्यायचं, टाकीत थंड ठेवायचं, डेअरीचा टँकर आला की द्यायचं. काकूंचं केंद्र आरशासारखं लख्ख. पण उन्हाळ्यात एकदा लाइट गेली, दूध नासलं, टँकरवाल्यानं परत पाठवलं. चेअरमननी भर बैठकीत सांगून टाकलं की आणखी एकदा दूध परत आलं तर केंद्र दुसऱ्याकडं. दुसरा म्हणजे कोण, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. चेअरमनचा पुतण्या कधीपासून टपून बसला होता. काकू मला म्हणाल्या होत्या, "दादा, ही तुमची पेटी नीट चालू द्या. माझा समदा भरवसा तिच्यावर हाय."

काकूंची टाकी मागच्या शेडमध्ये आणि पेटी पुढच्या खोलीत. त्यामुळं थर्मामीटरची तार खिडकीतून ओढून लांबच्या लांब न्यावी लागली होती. हे मी रझियाला सांगितलं तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली. लांब तारेवर बस जोरात चालवली की थर्मामीटरचं बोलणं तुटतं, असं तिचं म्हणणं. आणि तुटलं की पेटी शेवटचा आकडा धरून बसते. दूध तापतंय आणि पडदा म्हणतोय चार डिग्री. म्हणून तिनं कर्नलमध्ये लिहून ठेवलं होतं की वेग सांगितलेला नसेल तिथं सावकाश चालायचं. झालं होतं सगळं, सुरळीत.

आणि मग आमचे कोकरे साहेब पेटी घेऊन कृषी प्रदर्शनात गेले.

साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही, पण प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरच्या पेटीचा पडदा भिंगरीसारखा पळत होता आणि आमचा रखडत होता. पडदाही त्याच बसवर ना! साहेब परत आले ते धुसफुसतच. "आपला आकडा म्हातारीसारखा का चालतो? वेग वाढवा."

"टेबलावर चालेल साहेब, अंथुर्ण्यात नाही चालणार," रझिया म्हणाली.

"मग अंथुर्ण्यासाठी वेगळं लिहा."

"आज अंथुर्णे माहीत आहे म्हणून लिहीन. ज्या गावात उद्या कुणीतरी तार लांब ओढेल आणि आपल्याला सांगणार नाही, त्याचं काय? डिफॉल्ट त्याच्यासाठी असतं. जो काही सांगत नाही त्याच्यासाठी."

हे भांडण किती दिवस चाललं म्हणून सांगू! रोज मीटिंग, रोज तेच. मला दोघांचाही वैताग आला होता. गावातून माझ्यावर फोन येत होते, नवीन पेट्या गोदामात धूळ खात होत्या, आणि ही दोघं एका ओळीवर अडून बसलेली. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. वेग सगळीकडं जोराचाच ठेवायचा, अंथुर्ण्यातसुद्धा. पण वाचन अडकलं की पेटीनं पडद्यावर विचारायचं, सावकाश चालू का? हो किंवा नाही.

"अहो, पेटीला कळतंय ना अडकलंय ते?" रझिया जवळजवळ ओरडलीच. "मग विचारता कशाला? व्हा ना गुमान सावकाश!"

"आपोआप सावकाश झाली की लोक म्हणणार पेटी मंद आहे. आणि मॅडम, उद्या काही झालं तर आपण विचारलं होतं ना? चॉईस दिला होता."

ती माझ्याकडं बघत राहिली. अब्बांच्या दुकानाबाहेर जे बोलली होती, नेमकं तेच समोर उभं होतं. पण ती थकली होती. मी तिला थकलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. "ठीक आहे," म्हणाली आणि जाऊन लिहायला बसली. पडद्यावरची मराठी वाक्यंही तिनंच लिहिली. सगळ्या ऑफिसनं वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या. नवीन पेट्या गावोगाव गेल्या, जुन्या पेट्यांतही तेच भरलं.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला. आवाज ऐकूनच मी जीप काढली.

अंथुर्ण्यात पोचलो तर टँकर उभा, दूध परत लोटलेलं, शेडमध्ये आंबूस वास. पडद्यावर आकडा चार. टाकीला हात लावला तर कोमट. आणि आकड्याखाली ओळ होती, 'वाचन अडकले आहे. डिफॉल्टवर जायचे? हो / नाही.' साहेबांच्या 'सावकाश चालू का?'चं रझियानं पडद्यावर हे केलं होतं; तिच्या लेखी डिफॉल्ट म्हणजे तो जुना सावकाश वेग.

"काकू, हे विचारत होतं तेव्हा तुम्ही काय दाबलं?"

"न्हाय दाबलं. दोन-चारदा इचारलं त्यानं. मी दर डावाला न्हायच दाबलं."

"अहो, का पण?"

काकू माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच वेडा. "का म्हंजी? डिफॉल्टवर कशापायी जाऊ? मालक गेलं तवाबी सोसायटीचं कर्ज समदं येळंवर भरलंय म्या. ह्या घराचं नाव कधी डिफॉल्टरात लागलं न्हाय. आन ही पेटी मला इचारती, डिफॉल्टवर जायचं का? मी म्हनलं, मर मेले, न्हाय जायचं!"

मी खाली बसलो. अक्षरशः जमिनीवर बसलो. आमच्या भागात डिफॉल्ट म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं होय? कर्ज थकलं की सोसायटीच्या फळ्यावर डिफॉल्टरांची नावं लागतात. त्यात नाव लागलं की माणूस महिनाभर चौकात येत नाही. कुठलीही बाई, कुठलाही माणूस त्या प्रश्नाला 'नाही'च म्हणणार. ऑफिसातल्या त्या सगळ्या शहाण्यांनी वाचून माना डोलावल्या होत्या!

मी तिथूनच रझियाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मी लिहिला तो शब्द," ती म्हणाली. "मी इंदापूरची आहे, जगताप. पुण्या-मुंबईची असते तर गोष्ट वेगळी. आमच्या दुकानासमोरच सोसायटी आहे हो."

संस्थेच्या बैठकीला ती स्वतः आली. साहेबांनी नको म्हटलं होतं, तरी आली. मी शेजारी बसलो होतो. तिनं उभं राहून सगळं समजावलं. तार, बस, वेग, थर्मामीटर, सगळं. लोक तोंडाकडं बघत होते. चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, थोडक्यात सांगा. चूक कुणाची?"

"माझी," रझिया म्हणाली. "काकूंची काही चूक नाही. माझी आणि आमच्या कंपनीची."

मला वाटलं, सुटलं. चेअरमननी मान हलवली. "बरं. आता मला येवढंच सांगा. मशीननं इचारलं व्हतं का न्हाय?"

"विचारलं होतं, पण—"

"मंग न्हाय कुनी दाबलं?"

सगळ्यांनी वळून काकूंकडं बघितलं. काकू बायकांत मागं बसल्या होत्या. पदर सावरून उभ्या राहिल्या. "म्याच दाबलं," म्हणाल्या.

"अहो, प्रश्नच चुकीचा होता!" रझियाचा आवाज फाटला. "शब्द चुकीचा होता! चुकीच्या प्रश्नाला त्यांनी बरोबर उत्तर दिलंय! तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय दाबलं असतं?"

दोन-चार जण हसले. चेअरमनही हसले. "आसंल, मॅडम. पन मला कुनी इचारलं न्हाय. त्यास्नी इचारलं, आन उत्तर त्यांनी दिलं."

केंद्र पुतण्याला गेलं. हात वर झाले, ठराव झाला, चहा फिरला. माझ्या डोक्याची शीर तडतड उडत होती. असं वाटत होतं की उठावं आणि त्या पुतण्याच्या कानाखाली आवाज काढावा. काय उपयोग? त्यानं काहीच केलं नव्हतं. तेच तर! कुणीच काही केलं नव्हतं. साहेबांनी चॉईस दिला होता, पेटीनं प्रश्न विचारला होता, चेअरमननी नियमानं केलं होतं. जिचं गेलं तिनं तेवढं बटण दाबलं होतं.

त्यानंतर कोकरे साहेब नरमले. पुढच्या मीटिंगला म्हणाले, "मॅडम, तुमचंच घ्या. सावकाश ठेवा. प्रश्न काढून टाका." ज्या वाक्यासाठी ती एवढी भांडली होती ते वाक्य शेवटी आलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बरं," म्हणाली. पुढं थोड्याच दिवसांत ती कंपनी सोडून पुण्याला गेली. तिथं मोठ्या कंपनीत आहे म्हणतात, जगभरच्या माणसांशी कर्नलवरून भांडते म्हणतात. सणावाराला मेसेज येतो. पण रझिया म्हटलं की मला दिसते ती जाण्याआधीची, अंथुर्ण्यातल्या त्या सकाळची.

पेट्यांमध्ये नवीन कर्नल भरायचं काम माझं. गावोगाव मी एकटा फिरणार होतो. अंथुर्ण्याला मात्र ती म्हणाली, मी येते. केंद्र आता पुतण्याच्या घरी होतं. टाकी तीच, पेटी तीच, आणि इथंही तार लांबच लांब खिडकीतूनच ओढलेली. दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती. रझियानं लॅपटॉप जोडला, भरायचं ते भरलं, पेटी बंद करून चालू केली. पुतण्या खूश. "मॅडम, आता अडकनार न्हाय ना?"

"नाही."

"आन ते इचारनं?"

"काही विचारणार नाही."

ती लॅपटॉप मिटत होती तेवढ्यात तिचं लक्ष रांगेकडं गेलं. रांगेत सुमनकाकू होत्या. हातात आपल्या दोन म्हशींच्या दुधाची किटली. आमच्याकडं बघून हसल्या. खरंच हसल्या, मनात काही न ठेवता.

"बाई, झालं का मशीन बरं?"

"झालं, काकू."

"काय क्येलं?"

"एक ओळ बदलली."

"यकच?"

"एकच."

काकूंनी पेटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "आन ती आदी बदलता येत न्हवती व्हय?"

आता मला पक्कं माहीत होतं की तिच्याकडं उत्तर आहे. साहेब, प्रदर्शन, मीटिंगा, ते सगळं सांगता आलं असतं. मीच सांगायला तोंड उघडत होतो. तिनं हातानं मला थांबवलं.

"येत होती, काकू," ती म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या. पुतण्यानं आवाज दिला, "पुढं या." काकू पुढं झाल्या. किटलीतलं कोमट दूध मापात गेलं, मापातून टाकीत गेलं. रझिया पडद्याकडं बघत उभी होती. पडद्यावर चार होता. चाराचा पाच झाला. जरा सावकाश झाला, पण झाला.